आरसी बुक कपाटात, गाडी रस्त्यावर: डिजिटल आरसी काढण्यापासून नाक्यावर दाखवण्यापर्यंत

गाडीची आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, मोबाईलवर आणणं हे पाच मिनिटांचं काम आहे. मात्र सरकारी नोंदीत तुमचं नाव, मोबाईल नंबर आणि विम्याची तारीख बरोबर असायला हवी. ती चुकलेली असेल तर तेच काम महिनाभर रखडतं आणि मग लोक अॅपला शिव्या घालतात. अॅपचा दोष क्वचितच असतो. डिजिलॉकर काय किंवा एम-परिवहन काय, ही दोन्ही सरकारी अॅप्स राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उभारलेल्या ‘वाहन’ या मध्यवर्ती नोंदवहीतून माहिती उचलून दाखवतात. तिथे जे लिहिलंय तेच तुमच्या स्क्रीनवर येणार. म्हणून या लेखात अॅप नंतर येतं, नोंद आधी.

कायदा काय म्हणतो

चौकात वाद झाला तर उपयोगी पडेल एवढंच सांगतो. ऑगस्ट 2018 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना कळवलं की डिजिलॉकर आणि एम-परिवहनमधली आरसी व लायसन्स माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 प्रमाणे मूळ कागदाइतकीच ग्राह्य धरावीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 139 मध्ये दुरुस्ती झाली. आरसी, विमा, फिटनेस, परमिट, लायसन्स, पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) हे सगळं कागदावर किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवता येईल, असं त्यात आलं. 1 ऑक्टोबर 2020 पासून आणखी एक पाऊल पुढे पडलं: जे कागदपत्र इलेक्ट्रॉनिक पद्धतीने तपासून खरं ठरलंय, त्याची छापील प्रत मागायची नाही. लायसन्स किंवा आरसी जप्त करायची वेळ आली तरी ती जप्ती ई-चलान यंत्रणेत नोंदवून होते.

यात एक मेख आहे. ही मान्यता डिजिलॉकरच्या ‘इश्यूड डॉक्युमेंट्स’ या कप्प्यातल्या कागदाला आहे, म्हणजे जो खात्याच्या नोंदीतून थेट तिथे आला. तुम्ही स्वतः स्मार्ट कार्डाचा फोटो काढून ‘अपलोड’ केलात तर तो डिजिलॉकरमध्ये असूनही नुसता फोटोच राहतो. गॅलरीतला फोटो, स्क्रीनशॉट, व्हॉट्सअॅपवर आलेलं झेरॉक्सचं चित्र यांचंही तेच. पोलिसाने ते नाकारलं तर तो नियमानेच वागतोय.

अॅप उघडण्याआधी नोंद तपासा

परिवहन खात्याच्या ‘परिवहन डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून तपशील काढा. मालकाचं पूर्ण नाव तिथे दिसत नाही, मधली अक्षरं फुल्यांनी झाकलेली असतात. तारखा मात्र दिसतात. हातात आरसी बुक किंवा स्मार्ट कार्ड घेऊन एकेक रकाना जुळवून बघा.

नंबर टाकताना मोकळी जागा किंवा आडव्या रेघा नकोत. शेवटचा आकडा चार अंकी भरायचा. गाडीचा नंबर 45 असेल तर 0045. कार्यालयाचा कोडही दोन अंकी: ताडदेव 01, ठाणे 04, कोल्हापूर 09, पुणे 12, नाशिक 15. जुन्या पुस्तकांवर ‘एमएच 4’ असं लिहिलेलं असतं, तिथे 04 टाका. ‘नोंद सापडली नाही’ हा संदेश पुष्कळदा या एका शून्यापायी येतो.

सगळं बरोबर टाकूनही नोंद मिळत नसेल तर गाडी बहुधा संगणकीकरणाआधीची आहे आणि तिची माहिती कार्यालयाच्या रजिस्टरातून वर चढलेलीच नाही. याला आरटीओत ‘बॅकलॉग एंट्री’ म्हणतात. मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी आणि ओळखपत्र घेऊन ज्या कार्यालयात गाडी पासिंग झाली तिथेच अर्ज द्यावा लागतो. हे घरबसल्या होत नाही, आणि ‘होतं’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.

नोंद मिळाली की या गोष्टी बघा: नोंदणीची तारीख, नोंदणी कधीपर्यंत वैध आहे, विम्याची तारीख, पीयूसीची तारीख, कर कधीपर्यंत भरलेला आहे, बँकेचा बोजा आहे का आणि आरसीची स्थिती. स्थितीच्या रकान्यात ‘अॅक्टिव्ह’ असायला हवं. ‘एनओसी इश्यूड’ दिसलं तर पूर्वीच्या मालकाने दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या कार्यालयात नेण्यासाठी ना-हरकत काढलेली आहे आणि पुढचं काम अर्धवट पडलंय. ‘ब्लॅकलिस्टेड’ असेल तर आधी त्याचं कारण शोधा, डिजिटल आरसीचं नंतर बघू.

वैधतेच्या तारखेकडे खास लक्ष द्या. खासगी गाडीची नोंदणी पहिल्या तारखेपासून 15 वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. कागदाच्या जमान्यात आरसी पाकिटात घडी घालून पडलेली असायची आणि सोळावं वर्ष लागलं तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. आता हवालदाराच्या हातातल्या मशीनवर ती तारीख सहज दिसते. नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म 25 वर, मुदत संपायच्या आधीच्या 60 दिवसांत. मूळ फी दुचाकीला 1,000 आणि मोटारीला 5,000 रुपये. गाडी 20 वर्षांपुढची असेल तर ऑगस्ट 2025 पासून अनुक्रमे 2,000 आणि 10,000. उशीर झाला की महिन्यागणिक दंड वेगळा, आणि गाडी तपासणीला न्यावी लागते ती लागतेच.

मोबाईल नंबर: सगळ्यात आधी हा दुरुस्त करा

शोरूमने पासिंगच्या वेळी स्वतःचाच किंवा एजंटाचा नंबर टाकलेला असतो, किंवा तुमचं ते सिम केव्हाच बंद पडलेलं असतं. परिणाम असा की चलानचे मेसेज दुसऱ्याला जातात आणि ऑनलाइन कामाचा ओटीपी तुमच्यापर्यंत येतच नाही. दुसरी बाजू त्याहून वाईट: तुमच्या गाडीचा ओटीपी ज्याच्या फोनवर जातो, त्याच्या हातात तुमच्या नोंदीची अर्धी किल्ली असते.

नंबर बदलायचं काम असं होतं:

1. परिवहनच्या संकेतस्थळावर ‘वाहन’ संबंधित सेवांमध्ये जा, राज्य महाराष्ट्र निवडा. गोव्यातली गाडी असेल तर गोवा.
2. मोबाईल नंबर अद्ययावत करण्याची सेवा उघडा. आधारचा पर्याय दिसेल तो घ्या. जुनं सिम बंद असलं तरी आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो.
3. गाडीचा नंबर, चासी नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख आणि वैधतेची तारीख भरा. जिथे शेवटची पाच अक्षरं मागितली आहेत तिथे पाचच.
4. नवीन नंबर टाका, त्यावर आलेला ओटीपी भरा, पोचपावती जपून ठेवा.

हे काम अडतं ते बहुतेक तिसऱ्या पायरीवर. तारखा आरसीवरच्याच लागतात. विम्याच्या कागदावरची किंवा गाडी घरी आणली त्या दिवशीची तारीख चालत नाही. पासिंग आणि डिलिव्हरी यांत चार-आठ दिवसांचा फरक असतो.

चासी नंबरबद्दल एक उपयोगी गोष्ट. अलीकडच्या गाड्यांचा चासी नंबर 17 अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत. स्मार्ट कार्डावरची छपाई बारीक आणि पुसट असते, तेव्हा गोल दिसला की तो शून्यच आणि उभी रेघ दिसली की ती एकच. सुरुवातीची तीन अक्षरं कंपनीची असतात: एमए3 मारुती सुझुकीचं, एमएटी टाटाचं, एमडी2 बजाजचं. सुरुवात वेगळीच दिसली तर वाचण्यात किंवा नोंदीत चूक नाही ना, ते एकदा बघा. कार्डावर वाचताच येत नसेल तर विम्याच्या पॉलिसीत बघा, नाहीतर सरळ गाडीवर. दुचाकीला हँडलखाली मानेवर ठोकलेला असतो. मोटारीला बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटजवळ जमिनीवर. ओलं फडकं फिरवून, टॉर्च तिरका धरला की आकडे उठून दिसतात.

डिजिलॉकरमध्ये आरसी

आधारला मोबाईल जोडलेला असावा. अॅप फक्त प्ले स्टोअर किंवा अॅप स्टोअरवरूनच घ्या. बटणांची नावं अपडेटनंतर थोडीफार बदलतात, क्रम तोच राहतो.

खातं उघडून आधार जोडा आणि सहा अंकी पिन ठरवा. मग शोधाच्या चौकटीत ‘रजिस्ट्रेशन ऑफ व्हेईकल्स’ शोधा. हे कागदपत्र रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या यादीत येतं. गाडीचा नंबर आणि आरसीवर छापलेला चासी नंबर जसाच्या तसा टाका, संमतीच्या चौकटीत खूण करा आणि ‘गेट डॉक्युमेंट’ दाबा. जुळलं तर आरसी ‘इश्यूड’ कप्प्यात जाऊन बसते. ती उघडून पीडीएफ लगेच उतरवून ठेवा. आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या घाटात रेंज नसते, आणि गाडी नेमकी तिथेच थांबवली जाते.

लायसन्सही तसंच, फक्त नंबर नीट टाका. नव्या पद्धतीचा लायसन्स नंबर 15 अक्षरांचा असतो: राज्याची दोन, कार्यालयाचे दोन आकडे, वर्षाचे चार, मग सात आकडे. पुस्तकी लायसन्स असेल आणि नंबर या साच्यात बसत नसेल, तर आधी आरटीओत जाऊन ते ‘सारथी’ या लायसन्सच्या नोंदवहीत चढवून घ्यावं लागतं.

‘नाव जुळत नाही’: खरं घोडं इथे अडतं

डिजिलॉकर तुमचं आधारवरचं नाव घेऊन ‘वाहन’मधल्या मालकाच्या नावाशी ताडून बघतो. आपल्याकडे यात हमखास घोळ होतो. आरसीवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी. आरसीवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, आधारवर पूर्ण नाव. आरसीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. शोरूमच्या मुलाने घाईत एखादं अक्षर गाळलेलं किंवा ‘राव’, ‘बाई’ जोडलेलं. कार्डावर हे वर्षानुवर्षं खपून गेलं, कारण वाचणारा माणूस होता आणि तो समजून घ्यायचा.

दुरुस्ती कुठे करायची, आरसीत की आधारमध्ये? आधारमधलं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. तेव्हा पॅन, बँक, पासपोर्ट सगळीकडे जे नाव आहे तेच आधारवर असेल तर आधारला हात लावू नका, आरसी दुरुस्त करा. उलट आधारवरच चूक असेल आणि बाकी सगळीकडे बरोबर असेल, तर आधार. एका गाडीसाठी आधारचं नाव फिरवणं हा शहाणपणा नाही. त्याने बँक आणि पॅनचं नवीन लचांड मागे लागतं.

आरसीतल्या नावाच्या दुरुस्तीसाठी मूळ आरसी, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र घेऊन संबंधित कार्यालयात अर्ज करावा लागतो. स्पेलिंगची साधी चूक असेल तर खरेदीचं मूळ बिल सोबत ठेवा. तिथे नाव बरोबर असलं की कारकुनाला पुढे काही विचारायचं राहत नाही.

तोवर काय? एम-परिवहन. त्यात नाव जुळवायची भानगड नाही. गाडीचा नंबर शोधा, ‘व्हर्च्युअल आरसी’ निवडा आणि चासी व इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका. मालकाच्या मोबाईलवर ओटीपी गेला तर तो भरावा लागेल. झालं की आरसी डॅशबोर्डवर क्यूआर कोडसकट दिसते. कंपनीच्या किंवा संस्थेच्या नावावरच्या गाडीलाही हाच रस्ता सोपा, कारण वैयक्तिक डिजिलॉकरमध्ये माणसाचं नाव संस्थेच्या नावाशी जुळणारच नाही.

आमच्या मते दोन्ही ठेवावीत. डिजिलॉकरची पीडीएफ विनानेट चालते. एम-परिवहनच्या पडद्यावर विमा, पीयूसी, फिटनेस यांच्या ताज्या तारखा एकत्र दिसतात.

विमा आणि पीयूसी

आरसी एकदा आली की वर्षानुवर्षं तीच राहते. विमा आणि पीयूसी सारखे बदलतात, आणि पावती फाटते ती बहुधा यांच्यापायी.

विमा कंपनी पॉलिसीची माहिती इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोमार्फत ‘वाहन’ला पोचवते. नूतनीकरण केल्याकेल्या ती दिसेलच असं नाही. शेवटच्या दिवशी रात्री पॉलिसी काढली आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर ‘मुदत संपली’ आलं, तर पॉलिसीची पीडीएफ दाखवा. आठवडा उलटूनही तारीख बदलली नाही तर पॉलिसीवरचा गाडीचा नंबर आणि चासी नंबर तपासा. नवीन गाडीच्या पहिल्या पॉलिसीत नंबरच्या जागी नुसतं ‘न्यू’ लिहिलेलं असतं, कारण त्या वेळी नंबर पडलेलाच नसतो. तो नंतर पॉलिसीवर चढवून घ्यायचा असतो. त्याला एन्डॉर्समेंट म्हणतात, आणि ते कुणी आपणहून करून देत नाही. कंपनीला ईमेल करा, आरसी जोडा.

सप्टेंबर 2018 पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा आणि मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा विमा, एकदमच घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. पाच वर्षं डोक्याला ताप नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि सहाव्या वर्षी स्कूटर विनाविमा फिरते. विना थर्ड पार्टी विमा सापडलात तर कलम 196 खाली पहिल्यांदा 2,000, पुन्हा 4,000 रुपये. कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. अपघात झाला तर नुकसानभरपाईचा बोजा स्वतःच्या खिशावर, तो हिशोबच वेगळा.

पीयूसीचं गणित सोपं आहे. नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही. पुढे बीएस-4 आणि बीएस-6 या नव्या प्रदूषण मापदंडांच्या गाड्यांना वर्षभराची, त्याआधीच्यांना सहा महिन्यांची. केंद्रावरचा माणूस नंबर टाकून प्लेटसकट गाडीचा फोटो काढतो आणि दाखला थेट पोर्टलवर चढतो. तिथून हलायच्या आधी दाखल्यावरचा गाडीचा नंबर आणि इंधनाचा प्रकार वाचा. एक अक्षर चुकलं तर दाखला भलत्याच गाडीला लागतो आणि पैसे भरूनही तुमची गाडी विनापीयूसीच राहते. सीएनजी किट नंतर बसवलेलं असेल आणि आरसीवर अजून नुसतं पेट्रोलच असेल, तर आधी आरसीवर ते चढवून घ्या.

गाडी एकाची, चालवणारे चौघे

बाबांच्या नावावरची स्कूटर मुलगी कॉलेजला नेते. बाबांची आरसी बाबांच्या डिजिलॉकरमध्ये. तिच्या आधारने ती निघणार नाही. अशा वेळी दोन गोष्टी करा: बाबांच्या खात्यातून उतरवलेली पीडीएफ तिच्या फोनमध्ये ठेवा, आणि तिच्या एम-परिवहनमध्ये त्या स्कूटरची व्हर्च्युअल आरसी तयार करा. लायसन्स मात्र तिचं, तिच्या डिजिलॉकरमध्ये. बाबांचा पिन तिला देऊन तेच खातं दोन फोनांवर चालवू नका. त्यात मार्कशीटपासून पॅनपर्यंत सगळं असतं.

गोव्यात भाड्याने दुचाकी घेणाऱ्यांसाठी: भाड्याच्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी कुणी ‘चालतं हो, सगळेच देतात’ म्हणून हातात दिली तर घेऊ नका. पैसे देण्याआधी तिथेच उभ्या उभ्या नंबर एम-परिवहनवर टाका, विमा आणि फिटनेस बघा. दंड झाला तर तो रस्त्यावर तुमच्याकडून वसूल होईल. दुकानदार तोवर दुसऱ्या गिऱ्हाईकाला हेल्मेट देत असेल.

नाक्यावर

इंजिन बंद करा, अॅप उघडा, आरसीचा क्यूआर समोर धरा. फोन हातात द्यायची गरज नाही. पोलीस त्यांच्या मशीनवर नंबर टाकून किंवा कोड स्कॅन करून बघतात. नेट नसेल तर उतरवलेली पीडीएफ. बॅटरी संपली असेल तर तुमच्याकडे दाखवायला काही नाही, आणि कलम 130 प्रमाणे मागितल्यावर दाखवणं ही चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. गाडीत चार्जर ठेवा.

कुणी ‘ओरिजिनलच पाहिजे’ म्हणालं तर आवाज न चढवता नियम 139 चा उल्लेख करा आणि नंबर मशीनवर तपासायची विनंती करा. तरीही पावती झालीच तर जागेवर भांडू नका. ई-चलानवर तक्रार नोंदवायची सोय आहे. वेळ, ठिकाण, अधिकाऱ्याच्या पाटीवरचं नाव आणि चलान क्रमांक टिपून ठेवा.

एक इशारा. ‘तुमच्या गाडीवर चलान आहे, तपशिलासाठी अॅप डाउनलोड करा’ असा मेसेज व्हॉट्सअॅपवर येतो, सोबत ‘एपीके’ नावाची फाईल. नाव, चिन्ह सगळं एम-परिवहनसारखं. उघडली की ती तुमचे एसएमएस वाचते आणि ओटीपी बाहेर पाठवते. परिवहन खातं किंवा वाहतूक पोलीस व्हॉट्सअॅपवर अॅपची फाईल पाठवत नाहीत. चलान बघायचं तर स्वतः महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर जा, गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिनचे शेवटचे आकडे टाका.

स्टिकर गेले असं समजू नका

कागद मोबाईलवर आला तरी काचेवरचं सगळं गेलेलं नाही. 1 एप्रिल 2019 नंतरच्या मोटारींना दोन उच्च सुरक्षा प्लेटांसोबत तिसरी ‘प्लेट’ मिळते, ती म्हणजे पुढच्या काचेवर आतून लावलेला 100 बाय 60 मिलिमीटरचा स्टिकर. पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी, बाकींना करडा. बीएस-6 असेल तर वर हिरवी पट्टी. त्यावर गाडीचा नंबर आणि प्लेटांवरचे लेझर क्रमांक असतात. काढायला गेलं की फाटतो, तसाच बनवलाय. त्यामुळे काच फुटली आणि बदलली की स्टिकर गेला, सोबत फास्टॅगही. काच बदलणारा ‘उचलून चिकटवून देतो’ म्हणाला तरी ऐकू नका. दोन्ही नव्याने मागवा. काचेच्या विम्याच्या दाव्यात फास्टॅगचा खर्च धरला जाईल असं गृहीत धरू नका, आधी विचारा.

1 एप्रिल 2019 आधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा प्लेट बसवणं बंधनकारक केलंय. दर दुचाकीला 450, तीनचाकीला 500, इतरांना 745 रुपये, वर जीएसटी. मुदत अनेकदा वाढली म्हणून लोकांनी गंमत मानली. पण प्लेट नसेल तर आरटीओत मालकी हस्तांतर, पत्ताबदल, बोजा चढवणं-उतरवणं अशी कामं अडवली जातात, आणि तिथेच डिजिटल नोंदही जुनी राहते.

मूळ आरसीचं काय करायचं

फेकायची नाही, गाडीतही ठेवायची नाही. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी मूळ आरसी आणि दोन्ही किल्ल्या मागते. आरसी डॅशबोर्डच्या कप्प्यात असेल तर ती चोरासोबत गेली. घरातल्या कपाटात, खरेदीच्या बिलासोबत ठेवा. हरवली तर पोलिसांत नोंद करून फॉर्म 26 वर दुय्यम प्रत काढा; मोबाईलवर आरसी आहे म्हणून हे टाळत राहिलात तर विकताना अडकाल, कारण हस्तांतराला आरटीओ मूळ आरसी मागतो. नेपाळला मोटार किंवा बुलेट घेऊन जाणार असाल तर सीमेवरही मूळच लागते. आपला नियम 139 तिथे चालत नाही.

कर्ज फिटलं की बोजा आपोआप उतरतो असं समजू नका. काही बँका ना-हरकत थेट ‘वाहन’वर पाठवतात, बाकींकडून पत्र आणि फॉर्म 35 च्या दोन प्रती घेऊन अर्ज करावा लागतो. हे काम त्याच महिन्यात उरका. शाखा बदलल्या, बँका एकमेकींत मिसळल्या की दहा वर्षांनी ते पत्र कुणाकडे मागायचं हेच कळत नाही.

विकताना फॉर्म 29 आणि 30. राज्यातल्या राज्यात विकली तर 14 दिवसांत, परराज्यात विकली तर 45 दिवसांत विक्रेत्याने कळवायचं असतं. घेणाऱ्याला 30 दिवस. घेणाऱ्याच्या डिजिलॉकरमध्ये आरसी आली की हस्तांतर पूर्ण झाल्याची खात्री समजा, तोवर गाडीच्या कुठल्याही भानगडीत नोंदीवर तुमचंच नाव आहे. मालक वारला असेल तर वारसाने 30 दिवसांत आरटीओला कळवावं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 वर गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यावी. मृताच्या डिजिलॉकरमधून आरसी दाखवत वर्षानुवर्षं गाडी चालवणं सोपं वाटतं, पण अपघाताच्या दाव्यात पहिला प्रश्न मालक कोण हाच येतो.

बीएच मालिकेच्या (बदलीच्या नोकरीवाल्यांसाठी देशभर चालणाऱ्या) नंबरवाल्यांनी आणखी एक तारीख बघावी. त्यांचा कर दोन-दोन वर्षांनी भरायचा असतो आणि बदलीच्या गडबडीत तो नेमका राहतो. एम-परिवहनमध्ये कराच्या रकान्यात ती तारीख दिसते. संपायच्या महिनाभर आधीची आठवण फोनच्या कॅलेंडरात लावून टाका.